कूलरच्या खिडकीतून अमेरिकेचा इतिहास

रविंद्र मेश्राम यांनी अमेरिकेचा इतिहास शिकवायला घेतला, तेव्हा अमेरिकेला त्याची काहीच कल्पना नव्हती. असती, तर त्या देशानं वेळीच हातपाय हलवले असते.

प्रसंगच तसा होता. धाकटा भाऊ जितेंद्र याची तिकडची नोकरी गेली आणि शाळेचं वर्ष संपायच्या आत सगळं कुटुंब सामानासकट परत आलं. जितेंद्र आणि त्याची बायको मयुरा नव्या नोकरीच्या शोधात पुण्याला गेली, आणि त्यांची सोळा वर्षांची खुशी नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका लेआउटच्या वस्तीत, मोठ्या बाबांकडे म्हणजे रविंद्ररावांकडे राहिली. इथल्या कॉलेजात बारावीला नाव घालायचं तर तिकडचं अकरावीचं पूर्ण प्रगतिपत्रक पाहिजे. तिकडची शाळा म्हणे, बाकी सगळं झालं, अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर तेवढा राहिला. तो घरूनच कॉम्प्युटरवर द्या, पास व्हा, मग पाठवतो.

रविंद्रराव आधी कॉलेजच्या खिडकीवर भांडून आले. "पोरगी कॉमर्स घेणार आहे. तिले जॉर्ज वॉशिंग्टन कायले पाहिजे?"

"मले नका विचारू," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पोर्टलले विचारा. एक विषय रिकामा असला का ते पुढे सरकतच नाही. आणि शनिवारी ते बंद होते."

पोर्टलशी भांडता येत नाही, ही आधुनिक काळातली फार मोठी गैरसोय आहे. रविंद्रराव घरी आले ते मात्र वेगळ्याच तेजानं. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावरच त्यांची आजवरची सारी नोकरी झाली होती, पण घराच्या पाटीवर अजूनही 'रविंद्र मेश्राम, एम.ए. (इतिहास)' असंच होतं. त्या कंसाला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. आता थेट अमेरिकेतून बोलावणं आलं होतं.

"घाबरू नको," ते खुशीला म्हणाले. "मी शिकवतो. इतिहास इथून तिथून सारखाच असते."

"मोठे बाबा, मी शाळेत अर्ध्याच्या वर शिकलेली आहे," खुशी म्हणाली. तिची मराठी बापाकडून जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे अमेरिकेत वाढलेली पोरगी अस्सल नागपुरी बोलायची. फक्त 'र' जरा गोल फिरायचा.

"शाळेत शिकणं वेगळं आणि समजणं वेगळं."

शेजारचे भैयाजी कुंपणावरून सगळं ऐकत होते. दुसऱ्याच्या घरची अडचण त्यांना चहापेक्षा जास्त चढायची. "भोसल्यांच्या मागून जन्मलेला देश तो," ते म्हणाले. "त्याचा इतिहास असून असून किती असन गा? एका रविवारात होईन."

एका रविवारात झाला नाही. रविंद्ररावांची इतिहासाबद्दल एक थिअरी होती, की जगात कुठंही काही विकलं गेलं, बळकावलं गेलं किंवा जळालं, तर तिथं इंग्रज असलाच पाहिजे. आपल्याकडे ही थिअरी बरीच चालून जाते. अमेरिकेत ती पहिल्या काही धड्यांपर्यंत चालली आणि मग फ्रेंच, स्पॅनिश, डच असे नाही नाही ते लोक मध्ये यायला लागले. रविंद्रराव त्यांना मनातून इंग्रजच समजत. खुशी हळूच दुरुस्त करायची. ते म्हणायचे, "तेच म्हणून राहिलो मी," आणि पान उलटायचे. कधीकधी त्यांना वाटायचं, की पोरगीच आपल्याला शिकवते आहे. पण हा विचार ते फार वेळ जवळ ठेवत नसत.

मग शाळेचे नियम आले. पेपरला घरात एक पर्यवेक्षक पाहिजे. तो नातेवाईक नको. शिक्षक, ग्रंथपाल असा प्रतिष्ठित माणूस असावा. खोलीत विद्यार्थिनी आणि पर्यवेक्षक सोडून कोणी नको. भिंतींवर लिखाण नको. कॅमेरा सगळं पाहील, माइक सगळं ऐकेल. काही गैर आढळलं तर पेपर रद्द, आणि विद्यार्थिनीच्या नावापुढे कायमचा शेरा.

'कायमचा' हा शब्द वाचून सरिताताईंनी पोळी तव्यावर जळू दिली. रविंद्ररावांच्या त्या पत्नी आणि त्या घरातली एकमेव शांत व्यक्ती. त्यांची पोळी जळली म्हणजे परिस्थिती खरीच गंभीर.

भैयाजींनी पर्यवेक्षक व्हायची तयारी दाखवली. "निवृत्त हेडक्लार्क प्रतिष्ठित नसते का?" शाळेनं नसते म्हणून कळवलं. भैयाजी दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सल्ला घेऊन परत आले, "देवाजी सरांना पकडा."

देवाजी सर म्हणजे मागच्या गल्लीत राहणारे, पारशिवनीच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर त्यांनी हयात घालवली होती. त्यांना नुसतं 'परीक्षा' म्हटलं तरी पाठ ताठ व्हायची. दोष एकच, त्यांना कमी ऐकू यायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते कानात किटकिट करते म्हणून खिशात असायचं.

"कॉपीचा प्रकार माझ्या केंद्रावर होत नाही," ते म्हणाले.

"कॉपी नाही सर," रविंद्रराव म्हणाले, "फक्त बसायचं आहे."

"हो, हो. कॉपी होणार नाही म्हणजे नाही."

पेपर बुधवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी. बर्डीच्या बाजारातून नवा माइक आणला. विकणारा म्हणाला होता, "काकाजी, इसमें मुंगी भी चलेगी तो सुनाई देगी." रविंद्ररावांना तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

देवाजी सर दुपारीच आले. सोबत पितळी घंटा. त्यांनी जेवणाच्या टेबलावर खडूनं आसन क्रमांक टाकला. परीक्षार्थी एकच होती, तरी टाकला. कॅलेंडर उतरवलं, देशाचा नकाशा उतरवला, लग्नात भेट मिळालेलं घड्याळही कंपनीचं नाव लिहिलेलं म्हणून उतरवलं. मग ते बाबासाहेबांच्या फोटोसमोर थांबले.

"हा नाही उतरणार," सरिताताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण विषय संपला होता. "पेपर बाबासाहेबांसमोरच होईन."

सरांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. "यावर लिखाण नाही. आणि हे तर स्वतःच अमेरिकेत शिकून आलेले. हरकत नाही."

कॅमेऱ्यानंही हरकत घेतली नाही. हरकत माइकनं घेतली. परीक्षेचं सॉफ्टवेअर सुरू होताच पडद्यावर लाल अक्षरं आली, 'खोलीत मोठा आवाज आहे.'

तो कूलर होता.

नागपुरात जूनमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी ते सगळं व्याजासकट परत करत असतात. पण लाल अक्षरं हटेनात. शेवटी सरिताताईंनी कूलर बंद केला, खुशीच्या गळ्याभोवती ओला पंचा टाकला आणि नवऱ्याला मागच्या अंगणात नेलं.

"इथं उभे राहा. भंगारवाला भोंगा घेऊन आला तर तिकडूनच परत पाठवा. भैयाजीले बोलू देऊ नका. आणि तुम्ही स्वतः काही करू नका."

"मी काय करणार वं?" रविंद्रराव दुखावून म्हणाले.

आत घंटा वाजली.

अंगणातून खोली दिसत नव्हती. खिडकीत कूलर बसवलेला, पत्र्याचा, माणसाच्या छातीएवढा. रविंद्रराव त्याला टेकून उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते चपला तिथंच टाकून अनवाणी धावले, तापलेल्या सिमेंटवर नाचत त्यांनी हातानंच त्याला परत जायची खूण केली. भंगार द्यायचं आहे असं समजून तो आणखी जवळ आला. त्याला जुना पंखा द्यायचं कबूल केलं तेव्हा कुठं तो गेला. भैयाजी कुंपणावर आले. त्यांच्या तोंडावर रविंद्ररावांनी प्रत्यक्ष हात ठेवला. बाहेरच्या जगाचा बंदोबस्त चोख झाला होता.

आणि तेव्हाच, कूलरच्या गवती ताट्यांमधून, खुशीचा आवाज आला. तिला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय होती, आणि तेवढी सूट नियमांत होती. लुइझियाना कोणाकडून विकत घेतलं?

टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली की स्पर्धकाच्या आधी उत्तर दिल्याशिवाय रविंद्ररावांना राहवत नसे. हे काही ते ठरवून करत नसत. शिंकेसारखं ते आपोआप होई. आताही झालं. "इंग्रज," ते स्वतःशी पुटपुटले.

स्वतःशी, असं त्यांना वाटलं. पण पत्र्याच्या रिकाम्या कूलरला तोंड लावून पुटपुटलेलं स्वतःशी राहत नाही. तो आवाज आतल्या पत्र्यावर आपटून, फुगून, परीक्षा केंद्रात दाखल झाला. खुशीची मान ताठ झाली. ती बोलू शकत नव्हती, कारण दुसऱ्याशी एक शब्द बोललं तरी पेपर रद्द. तिनं देवाजी सरांकडे पाहिलं. सर अत्यंत दक्षतेनं तिच्याकडेच पाहत होते. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

पेपर संपला. घंटा वाजली. रविंद्रराव घामानं निथळत आत आले आणि समाधानानं म्हणाले, "एक आवाज आला नाही बाहेरून!"

खुशीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

तासाभरात शाळेच्या मिस कॉलिन्स यांची मेल आली. पेपरच्या वेळी दुसऱ्या माणसाचा आवाज नऊ ठिकाणी आढळला आहे. गुण रोखले आहेत. उद्या याच वेळी विद्यार्थिनी, पर्यवेक्षक आणि घरातल्या मोठ्या माणसानं कॅमेऱ्यासमोर हजर व्हावं. सोबत आवाजाचा एक तुकडा जोडला होता. सरिताताईंनी तो लावला. "लिंकन! लिंकनच!" असा ओळखीचा आवाज, विहिरीतून यावा तसा, घरात घुमला.

त्या दिवशीच्या पोळ्या सरिताताईंनी केल्याच नाहीत.

पुण्याहून जितेंद्रचा फोन आला. "दादा, तुले काही करू नको म्हटलं तर तू काहून करतो?" असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तिचं वर्ष जाईन का रे?" रविंद्रराव खुशीच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

सकाळी भैयाजी योजनेसह हजर. "सोपं आहे. तुमी मराठीत बोलले ना? मग त्या गोऱ्या मॅडमले काय समजते? म्हणा, मी बायकोले चहा मागून राहिलो होतो."

"नऊ वेळा?"

"गरमी होती म्हणा."

रविंद्ररावांनी दिवसभर त्यावर विचार केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑफिसात त्यांनी आवकची पत्रं जावकमध्ये टाकली. संध्याकाळी घरी येऊन, इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसताना त्यांचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. शेजारी देवाजी सर कोट घालून, आज कानात यंत्र लावून. आपल्या केंद्रावर आवाज झाला, हे त्यांना स्वतःच्या अंत्ययात्रेला आल्यासारखं वाटत होतं. टेबलाशी खुशी, डोळे खाली.

पडद्यावर मिस कॉलिन्स आल्या. पांढऱ्या केसांच्या, सौम्य, आणि ज्यांचं सौम्यपणच भीतीदायक वाटावं अशा. त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, की आवाजातली भाषा त्यांना कळत नाही. शाळेचा दुभाषी भाषांतर करील, पण त्याला तीन आठवडे लागतील. की कोणी आत्ता सांगू शकेल? नंतर दुभाष्याकडून ते तपासून घेतलं जाईलच.

तीन आठवडे म्हणजे शनिवार गेला. पोर्टल गेलं. वर्ष गेलं.

"तो आवाज माझा आहे, मॅडम," रविंद्रराव इंग्रजीत म्हणाले. "मी सांगतो."

कुंपणापलीकडून भैयाजींचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्यात 'चहा' हा शब्द स्पष्ट होता. खुशीनं मान वर करून मोठ्या बाबांकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती रात्रभर झोपली नव्हती, आणि तरी तिनं त्यांना एक शब्द लावला नव्हता. चहाचा विचार रविंद्ररावांच्या डोक्यातून तिथंच गळून पडला.

पहिला तुकडा लागला. "लुइझियानाचा प्रश्न," मिस कॉलिन्स म्हणाल्या. "आवाज काय म्हणतो?"

"द ब्रिटिश, मॅडम."

त्यांनी कागद पाहिला. "विद्यार्थिनीनं फ्रान्स लिहिलं आहे. ते बरोबर आहे. पुढचा."

"द ब्रिटिश."

"फ्लोरिडा. तिनं स्पेन लिहिलं. पुढचा. न्यूयॉर्क आधी कोणाचं होतं?"

रविंद्ररावांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. "द ब्रिटिश," ते म्हणाले, आणि स्वतःच्या बचावासाठी जोडलं, "नंतर त्यांनी घेतलं होतं, मॅडम."

"नंतर, हो. तिनं डच लिहिलं."

मग स्वातंत्र्याचा जाहीरनामा कोणी लिहिला याला वॉशिंग्टन आले, महामंदीच्या सुरुवातीला अध्यक्ष कोण याला लिंकन आले. प्रत्येक उत्तराबरोबर एम.ए. मधलं एकेक अक्षर गळून पडत होतं. सरिताताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं, ते रडू आवरायला की दुसरं काही, ते कळत नव्हतं. देवाजी सर प्रत्येक उत्तराला "चूक" असं पुटपुटत होते, कारण सवय.

मग एक तुकडा आला, त्यात नाव नव्हतं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांबद्दल निबंध लिहायचा होता, त्यावेळचा. आवाज दबलेला होता.

"इथे काय म्हटलं आहे?" मिस कॉलिन्सनी विचारलं.

रविंद्ररावांना ते आठवत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. "हे उत्तर नाही, मॅडम. मी म्हटलं आहे, हे नीट लिही पोरी." मग ते म्हणाले, "माझे आजोबा शाळेच्या बाहेर बसून शिकले. ओसरीवर. खिडकीतून ऐकून."

मिस कॉलिन्सनी काही लिहून घेतलं. "तो निबंध मी वाचला आहे," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात काय होतं, ते कुणालाच ओळखता आलं नाही.

दोन तुकडे आणखी गेले, दोन्ही इंग्रज. शेवटचा उरला.

"अलास्का कोणाकडून विकत घेतलं. आवाज काय म्हणतो?"

रविंद्रराव उत्तर द्यायला गेले आणि अडले. कारण हे उत्तर बरोबर होतं. नकाशात अलास्का रशियाला लागून दिसलं होतं, म्हणून हे एकच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. सात चुकीच्या उत्तरांनी पोरगी सुटत आली होती, आणि हे एक बरोबर उत्तर तिला बुडवणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण बरोबर असल्याचं इतकं वाईट वाटलं.

"मिस्टर मेश्राम?"

"रशिया," ते कसेबसे म्हणाले. "रशिया म्हटलं मी, मॅडम."

देवाजी सर "बरोब..." म्हणाले आणि थांबले.

मिस कॉलिन्सनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. खोलीत इतकी शांतता झाली की बर्डीच्या त्या माइकलाही काही सापडलं नसतं.

"विद्यार्थिनीनं," त्या म्हणाल्या, "ब्रिटन लिहिलं आहे."



"संपूर्ण पेपरमध्ये तिचं हे एकच वस्तुनिष्ठ उत्तर चुकलं आहे." मिस कॉलिन्सनी चष्मा काढला. त्यांचे ओठ थोडे हलत होते आणि त्या ते हलू देत नव्हत्या. "दुभाषी तपासेल, पण मला तोपर्यंत थांबायचं कारण दिसत नाही. मी अशी नोंद करते, की परीक्षेच्या वेळी बाहेरून एक आवाज येत होता, आणि त्या आवाजाची विद्यार्थिनीला कोणत्याही प्रकारे मदत झालेली नाही. प्रगतिपत्रक उद्या पाठवते. अभिनंदन, खुशी."

पडदा काळा झाला. सरिताताईंनी पदर सोडला आणि त्या दारातच बसून हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. देवाजी सरांनी उठून रविंद्ररावांचा हात हातात घेतला. "केंद्राची अब्रू वाचली," ते म्हणाले. भैयाजी कुंपणावरून ओरडले, "मी म्हटलंच होतं, खरं बोला!"

रविंद्ररावांनी उठून कूलर सुरू केला आणि त्याच्यासमोर उभे राहिले. घाम सुकत आला तशी त्यांच्या मनात एक गोष्ट टोचायला लागली.

"पण खुशे, अलास्का काहून चुकलं तुझं? ते तर मीच शिकवलं होतं. नकाशासकट."

खुशी नखं पाहायला लागली. "येत होतं मले. मी पहिले रशियावरच टिक केली होती."

"मग?"

"मग खिडकीतून तुमचा आवाज आला, रशिया. एवढ्या खात्रीनं बोलले तुमी, मोठे बाबा. मले वाटलं, अरे बापा, आपलं चुकून राहिलं. म्हणून बदललं."

रविंद्ररावांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरलं.

"म्हणजे तो मार्क माझ्यामुळे गेला," ते म्हणाले. "लाव मॅडमले परत फोन. त्यायले हे सांगितलं पाहिजे. एक मार्क वाढवून घेऊ."

सरिताताई आणि खुशी एकदम उठल्या, आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून दोघींनी मिळून ओढली.